पागोळीचा जमाखर्च

पालघर जिल्ह्याच्या वाट्याला पाऊस कमी आला, अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे सरासरीने दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. मराठवाड्याच्या अनेक भागांत तीन वर्षे मिळून जेवढा पडतो, जवळजवळ तेवढा. तरीही याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आणि बोईसरच्या व्यापारी इमारतींच्या आवारात मार्च उजाडला की टँकर दिसू लागतात, कचेऱ्यांच्या कोपऱ्यांत विकतच्या पाण्याचे जार उभे राहतात. जेथे पाणी आकाशातून फुकट पडते तेथेच ते विकत घ्यावे लागावे, ही विसंगती आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल कोणाला नवलही वाटेनासे झाले आहे.

या विसंगतीवर शासनाने शोधलेला उपाय म्हणजे इमारतींच्या छपरांवरील पाणी अडवणे. मुंबई महापालिकेने २००२ साली मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना हे बंधन प्रथम घातले. पुढे राज्यभर त्याचे अनुकरण होत गेले आणि डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रत्येक नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था सक्तीची केली. ही व्यवस्था चालू स्थितीत न ठेवणाऱ्या मालकावर दर शंभर चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला एक हजार रुपयांपर्यंत आकार बसवण्याचा अधिकारही नियोजन प्राधिकरणाला मिळाला. नियम कागदावर चोख आहे. परंतु तो पाळला गेला की नाही, याची तपासणी प्रत्यक्षात भोगवटा प्रमाणपत्राच्या दिवशी होते आणि त्याच दिवशी संपते. गच्चीवरून उतरलेला एक प्लॅस्टिकचा पाइप आणि आवाराच्या कोपऱ्यातील सिमेंटचे एक झाकण, एवढा त्या व्यवस्थेचा अवशेष पुढील तीस वर्षे उरतो. झाकणाखाली खड्डा आहे की नाही, असल्यास तो गाळाने कधी बुजला, हे कोणी विचारत नाही.

असे होण्याचे कारण केवळ बेपर्वाई नव्हे. दुकानदार, हॉटेलमालक किंवा कचेऱ्या भाड्याने देणारा बांधकाम व्यावसायिक जेव्हा विचारतो की, ‘या खर्चातून मला काय मिळणार?’, तेव्हा त्याला पर्यावरणाचे पाठ दिले जातात. हिशेब दिला जात नाही. प्रश्न मात्र हिशेबाचाच आहे आणि तो हिशेबानेच सोडवला पाहिजे.

गच्चीचे गणित

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे एक हजार चौरस मीटर गच्चीच्या व्यापारी इमारतीवर वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर वीस लाख लिटर पाणी येते. वाफ, गळती आणि पहिल्या सरींचे सोडून द्यावे लागणारे पाणी यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला तरी सोळा लाख लिटर हाती राहते. त्या इमारतीत शंभर माणसे काम करतात असे समजू. कचेरीत दर माणशी रोज पंचेचाळीस लिटर हा मान्य दंडक धरला तर रोजची गरज साडेचार हजार लिटरची आणि वर्षातील तीनशे कामाच्या दिवसांची साडेतेरा लाख लिटरची होते. म्हणजे छप्पर गरजेपेक्षा अधिक पाणी देते! पर्जन्यजल संधारणाच्या प्रचारपुस्तिका सामान्यतः या ठिकाणी थांबतात आणि उद्गारचिन्ह देतात.

खरी अडचण तेथून पुढे सुरू होते. सोळा लाख लिटर पाणी चार महिन्यांत येते आणि गरज बारा महिन्यांची असते. कोरड्या आठ महिन्यांतील सुमारे दोनशे कामाच्या दिवसांसाठी नऊ लाख लिटर पाणी साठवायचे, तर तीन मीटर खोल आणि तीनशे चौरस मीटर क्षेत्राचा हौद लागेल. म्हणजे गच्चीच्या जवळजवळ एकतृतीयांश आकाराचा. काँक्रीटच्या हौदाला लिटरमागे दहा रुपये खर्च धरला, तर हा हौद नव्वद लाख रुपयांचा झाला. त्यातून वर्षाकाठी वाचणार काय? नळाचे पाणी हजार लिटरला पंचवीस रुपयांनी मिळते असे हिशेबापुरते धरले, तर साडेतेरा लाख लिटरचे पावणेचौतीस हजार रुपये. नव्वद लाखांवरचे आठ टक्क्यांचे व्याजच सात लाख वीस हजार होते. असा व्यवहार करणाऱ्याला बाजारात शहाणा म्हणत नाहीत. दर थोडे इकडेतिकडे धरले तरी निष्कर्ष बदलत नाही.

मग लहान हौद बांधावा, असे सुचवले जाते. पन्नास हजार लिटरचा हौद पावसाळ्यात पुन्हा पुन्हा भरेल आणि रिकामा होईल. कामाच्या शंभर दिवसांत त्यातून साडेचार लाख लिटर पाणी शौचालयांना व झाडझुडीला वापरता येईल. हौदाला पाच लाख रुपये, नळाच्या दराने बचत सव्वाअकरा हजार. व्याजाशी तुलना केली तर हाही सौदा तोट्याचाच. बचत टँकरच्या दराने मोजली, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर दोन हजार रुपयांना धरला, तर वर्षाला नव्वद हजारांची बचत दिसते आणि साडेपाच वर्षांत खर्च भरून निघतो. व्यवस्था विकणारे सल्लागार याच दुसऱ्या पद्धतीने आकडे मांडतात. त्यात एक लबाडी आहे. टँकर लागतो तो एप्रिल-मे महिन्यांत, आणि या हौदाचे पाणी मिळते जुलै-ऑगस्टमध्ये. सप्टेंबरअखेर काठोकाठ भरलेला हौद अकरा दिवसांत कोरडा होईल. दसऱ्यालाही तो शिल्लक राहण्याची खात्री नाही.

याहून एक बारीक मुद्दा आहे आणि तो फारसा मांडला जात नाही. बोईसर-तारापूर परिसराच्या आणि औद्योगिक वसाहतीच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः सूर्या नदीचे. धामणी व कवडास येथील धरणे पावसाळ्यात भरतात आणि भरल्यावर सांडव्यावरून वाहू लागतात. अशा दिवसांत बोईसरच्या इमारतीने नळाचे पाणी वापरले नाही, तर धरणात एक थेंबही अधिक राहत नाही. वाचते ती फक्त उपशाची वीज. सूर्येच्या पाण्यावर आधीच मोठी ओढाताण आहे. मूळ प्रकल्प डहाणू, पालघर व विक्रमगड या तालुक्यांतील शेतीच्या सिंचनासाठी उभा राहिला. नंतर वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी नेण्याची योजना आली आणि ज्यांच्या जमिनींना कालव्याचे पाणी मिळायचे होते त्या आदिवासी शेतकऱ्यांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला. या भांडणात बोईसरच्या गच्चीवरील पाणी उपयोगी पडायचे, तर ते उन्हाळ्यात उपयोगी पडले पाहिजे. पावसाळ्यातील बचत वर्तमानपत्रातील छायाचित्रापुरती ठीक.

अर्थात एक प्रकार असा आहे की ज्यात मालकालाही तोटा नाही. बहुतेक नव्या व्यापारी इमारतींना जमिनीखाली पाण्याची टाकी बांधावीच लागते. नकाशा काढतानाच त्या टाकीत छपराच्या पाण्यासाठी एक स्वतंत्र कप्पा ठेवला आणि शौचालयांची नळवाहिनी वेगळी घेतली, तर जादा खर्च पन्हळी, गाळणी व थोड्या नळांपुरता राहतो. तो लाखभर रुपयांचा धरला तर सव्वाअकरा हजारांच्या वार्षिक बचतीने नऊ वर्षांत निघतो, आणि इमारत तर पन्नास वर्षे उभी राहायची असते. अग्निशमनासाठी राखलेला साठा मात्र यात मोडता कामा नये. तेव्हा नियम करणाऱ्यांनी ‘व्यवस्था करा’ एवढे म्हणून न थांबता नळवाहिनी वेगळी घेण्याची अट पहिल्या नकाशावरच घातली असती तर अधिक बरे झाले असते. इमारत उभी राहिल्यावर भिंती फोडून हेच काम करायचे म्हटले तर खर्च कितीतरी वाढतो आणि मग पुन्हा तोच प्लॅस्टिकचा पाइप व तेच झाकण.

जमिनीखालचा हौद

आठ महिन्यांचा साठा करण्याइतका मोठा आणि तरीही बांधकामाचा खर्च नसलेला हौद एकच आहे, आणि तो म्हणजे जमीन. छपराचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून शोषखड्ड्यात किंवा विंधण विहिरीत सोडणे, याला भूजल पुनर्भरण म्हणतात. उत्तर कोकणाला ही कल्पना नवी नाही. वसईच्या वाड्यांमधील बावखले हे त्याचेच जुने रूप. पावसाचे पाणी त्यांत साठे, झिरपे, भोवतालच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरे आणि केळी-पानवेलींना गोडे पाणी मिळे. जमिनीला इमारतीचा भाव आल्यावर अनेक बावखले भरावाखाली गेली आणि त्या भरावावर उभ्या राहिलेल्या इमारतींना आता नियमाने शोषखड्डे खणावे लागतात! आजोबांनी फुकट केलेली सोय नातवाने पैसे मोजून पुन्हा करावी, यालाच बहुधा नगरविकास म्हणत असावेत.

पुनर्भरणाला मर्यादाही आहेत. या भागातील खडक मुख्यतः काळ्या कातळाचा. त्याच्या फटींत आणि झिजलेल्या थरांत जेवढे मावेल तेवढेच पाणी राहते, आणि उतार समुद्राकडे असल्यामुळे बरेचसे पावसाळ्यानंतर ओहोळ-खाडीकडे निघून जाते. म्हणून कोकणातील विहीर श्रावणात काठाला लागते आणि फाल्गुनात तळ दाखवते. तरीही किनाऱ्यालगत पुनर्भरणाचा एक विशेष लाभ आहे. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीपासून गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उंच असेल, तर स्थिर स्थितीत खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत खारे पाणी रोखले जाते, असे शास्त्र सांगते. हाच हिशेब उलटाही चालतो. बोअर मारमारून गोड्या पाण्याची पातळी एक मीटरने खाली ओढली की खारे पाणी अनेक पटींनी वर सरकते. चिंचणी, तारापूर, नवापूर, सातपाटी या किनाऱ्यावरील गावांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आता पुनर्भरणाचा हिशेब मांडून पाहू. गाळणी व शोषखड्ड्याला दीड लाख रुपये धरले. सोळा लाख लिटर पाणी जमिनीत गेले. त्यातले नऊ हिस्से खाडीला मिळाले आणि दहावा हिस्साच उन्हाळ्यात आसपासच्या विहिरींना आला असे मानले, तरी ते सोळा टँकर पाणी होते. त्याची किंमत वर्षाला बत्तीस हजार रुपये. पाच वर्षांत खर्च वसूल! फक्त तो वसूल होतो दुसऱ्याच्या खात्यावर. पाणी इमारतीच्या कुंपणाला ओळखत नाही. खर्च मालकाचा आणि लाभ उताराकडील वस्तीचा, असा हा व्यवहार आहे. मालकाच्या वहीत तो नेहमीच तोट्याचा दिसणार आणि गावाच्या वहीत नेहमीच नफ्याचा. पण गावाची वही कोणी लिहीतच नाही. सक्ती करूनही हे काम नीट का होत नाही, याचे उत्तर यात आहे. ज्या खर्चाचा लाभ करणाऱ्याला मिळत नाही तो खर्च तो तपासणी-अधिकाऱ्यापुरताच करतो. चेन्नईचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तामिळनाडू सरकारने २००३ साली वटहुकूम काढून जुन्या-नव्या सर्व इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले. पुढील काही वर्षांत शहरातील विहिरींची पातळी सुधारल्याचे व पाण्याचा खारेपणा कमी झाल्याचे अनुभव आले. पण देखभाल सुटली, आणि २०१९ च्या जूनमध्ये चेन्नईचे तलाव कोरडे पडले तेव्हा त्या खड्ड्यांनी शहर तारले नाही.

पामच्या विहिरीचा प्रश्न

येथपर्यंतचा हिशेब महाराष्ट्रातील कोणत्याही किनारी शहराला लावता येईल. बोईसर-तारापूरला मात्र तो जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे. तारापूर औद्योगिक वसाहत नावाने तारापूरची असली तरी वसली आहे ती बोईसरला लागून; आणि तिच्या कडेला पाम, टेंभी, कुंभवली, कोलवडे, सालवड, सरावली ही गावे आहेत. हजारावर कारखान्यांच्या या वसाहतीत रसायने, रंग, औषधे व कापड यांचे उद्योग मोठ्या संख्येने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे जे मूल्यमापन केले, त्यात ९३.६९ गुणांनी तारापूर सर्वांत वर होते. परीक्षेत गुण अधिक मिळाल्याचे दुःख व्हावे, अशी ही एकच परीक्षा. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे सामुदायिक केंद्र वर्षानुवर्षे अपुरे होते. रोज पंचवीस दशलक्ष लिटरच्या जुन्या केंद्राच्या जोडीला पन्नास दशलक्ष लिटरचे नवे केंद्र बांधावे लागले. नवापूरच्या समुद्रात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याने मासळी नाहीशी होत असल्याची मच्छीमारांची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये कारखान्यांवर व प्रक्रिया केंद्रावर कोट्यवधींची भरपाई बसवली.

वसाहतीच्या कडेच्या गावांतील विहिरींचे व बोअरचे पाणी रंगीत येते, त्याला वास येतो, ही तक्रार या खटल्याहूनही जुनी आहे. ज्या गावात एके काळी आडाचे पाणी पाहुण्याला तांब्यात भरून देत, तेथे आता विहीर असूनही जार विकत घ्यावा लागतो. म्हणजे या गावांचा प्रश्न पाण्याच्या तुटवड्याचा जेवढा आहे, त्याहून अधिक पाण्याच्या गुणाचा आहे. अशा जमिनीत छपराचे पाणी सोडावे काय?

सोडावे, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सोपा आहे. पावसाचे शुद्ध पाणी मिसळले की दूषित पाणी विरळ होईल. हे ऐकायला पटते आणि काही ठिकाणी खरेही ठरेल. परंतु ज्या मातीत वर्षानुवर्षे रसायने मुरली आहेत तिच्यातून पाणी झिरपले, तर ते जाता जाता ती रसायने धुऊन बरोबर नेते. पाण्याची पातळी वाढली की आजवर कोरड्या राहिलेल्या दूषित थरापर्यंत ती पोचते. आणि एका ठिकाणी भरलेले पाणी शेजारच्या दूषित पाण्याला पुढे ढकलते. ते उताराच्या दिशेने जेथे जाईल तेथे कोणाची तरी विहीर असणारच. शिवाय कारखान्याचे छप्पर हे शाळेचे छप्पर नव्हे. चिमणीतून उडालेली राख, भुकटी, आम्लाचे कण पत्र्यांवर साचलेले असतात आणि जूनची पहिली सर ते सगळे पन्हळीत आणून टाकते.

केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा भेद स्पष्टपणे केलेला आहे. रसायने, औषधे, रंग, कापड, कीटकनाशके यांसारख्या, भूजल दूषित करण्याचा संभव असलेल्या उद्योगांनी छपराचे पाणी जमिनीत न सोडता टाक्यांत साठवून स्वतःच वापरावे, असे ती सांगतात. यामागे आणखी एक व्यावहारिक शहाणपण आहे. रासायनिक कारखान्याच्या आवारात पुनर्भरणाची विंधण विहीर असणे याचाच अर्थ जमिनीच्या पोटात थेट उतरणारा एक अधिकृत मार्ग असणे. पावसाळ्यात त्यातून पाऊस उतरतो. उरलेल्या आठ महिन्यांत त्यातून काय उतरते, हे झाकणाकडे पाहून कोणत्याही निरीक्षकाला सांगता येणार नाही. कोणा एका कारखानदारावर संशय घेण्याचा हा प्रश्न नाही. अशा ठिकाणी नियमच संशयाला जागा न ठेवणारा हवा.

गोंधळ असा की, येथे एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन नियमावल्या लागू होतात. औद्योगिक विकास महामंडळाच्या हद्दीला राज्याची एकत्रिकृत नियमावली लागू नाही. महामंडळाची स्वतःची आहे. बाहेरची दुकाने, मंगल कार्यालये, दवाखाने, लॉज यांच्या परवानग्या वेगळ्या दारातून येतात. भूजलाला ही हद्द ठाऊक नसते. वसाहतीच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या व्यापारी संकुलाने नियमाप्रमाणे इमानाने शोषखड्डा खणला आणि तो नेमका दूषित मातीत निघाला, तर नियम पाळल्याचे पाप त्याच्या माथी येईल.

म्हणून बोईसर-तारापूरला ‘प्रत्येक इमारतीला एक खड्डा’ हा दंडक चालणार नाही. वसाहतीच्या आत आणि तिच्या लगतच्या पट्ट्यात पाणी साठवणे व वापरणे हाच मार्ग धरला पाहिजे. कारखान्यांच्या बाबतीत तर साठवणीचा हिशेबही बदलतो. त्यांना शीतकरणासाठी, बाष्पकासाठी, धुण्यासाठी पाणी मोठ्या प्रमाणावर आणि दिवसरात्र लागते, त्यामुळे पावसाळ्यात मध्यम आकाराची टाकीही कितीतरी वेळा भरते व रिकामी होते. पावसाच्या पाण्यात क्षार कमी असल्याने बाष्पकासाठी ते मृदू करण्याचा खर्चही वाचतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे छपराचे स्वच्छ पाणी पन्हळीतच वेगळे काढले तर ते आवारातील सांडलेल्या रसायनांत मिसळत नाही. पावसाच्या आडोशाने सांडपाणी नाल्यात सोडले जाते, अशी गावकऱ्यांची तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. नाल्यात छपराचे पाणी मुळी येतच नसेल, तर नाल्याला आलेला रंग कोठून आला, हे शोधणे सोपे जाईल. हा लाभ कोणत्याही प्रचारपुस्तिकेत नाही. पामसारख्या गावाला मात्र तोच सर्वांत मोलाचा ठरेल.

पुनर्भरण करावे ते वसाहतीपासून दूर आणि भूजलाच्या वाहण्याची दिशा पाहून. पालघर शहर, तेथील बाजारपेठ, शाळा-महाविद्यालये, सिडकोने कोळगावला उभारलेले आणि २०२१ साली सुरू झालेले जिल्हा मुख्यालय यांच्या विस्तीर्ण छपरांना ते शोभेल. जिल्ह्याचा कारभार ज्या इमारतींतून चालतो त्यांच्या गच्चीवरचे पाणी नेमके कोठे जाते, हे एका फलकावर लिहून दर्शनी भागात लावले, तर शंभर परिपत्रकांचे काम होईल.

राहिला प्रश्न पैशाचा. लाभ गावाचा असेल तर खर्चाचा काही भार गावाने, म्हणजे सार्वजनिक निधीने, उचलणे न्यायाचे आहे. पुणे महापालिका पर्जन्यजल संधारण, सौर ऊर्जा वगैरे व्यवस्था करणाऱ्यांना मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते. ही पद्धत चांगली आहे, पण ती व्यवस्था ‘असण्याला’ सवलत देते, ‘चालण्याला’ नाही. दरवर्षी मेअखेर गाळणी साफ करून तिची तपासणी करून घेणाऱ्यालाच त्या वर्षाची सवलत, असा नियम केला तर खड्डे बुजणार नाहीत. औद्योगिक पट्ट्यातील गावांच्या बाबतीत मात्र व्यापाऱ्यांना सवलती वाटण्याचे कारण नाही. तेथे प्रदूषण करणाऱ्यावर भरपाई बसवण्याचे तत्त्व लवादाने मान्य केलेले आहे. त्या पैशातून गावाच्या शाळांवर, ग्रामपंचायतींवर व समाजमंदिरांवर पिण्याच्या पाण्यासाठी झाकलेले हौद बांधता येतील. पाचशे चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर वर्षाला आठ लाख लिटर पाणी मिळते. शंभर मुलांना रोज दोन लिटर पिण्याचे पाणी दोनशे दिवस द्यायचे तर चाळीस हजार लिटरच लागते. जो साठवणीचा हौद व्यापारी इमारतीला परवडत नाही, तो पिण्यापुरता धरला की शाळेला सहज परवडतो. चार लाखांत होतो, आणि जारच्या दराशी ताडून पाहिला तर लवकर फिटतो. चिमण्यांच्या सावलीतील या गावांत पहिले दोन-तीन जोराचे पाऊस सोडून देणे, मध्ये उघडीप पडली तर पुन्हा पहिली सर सोडणे आणि हौदातील पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करणे, एवढे पथ्य पाळावे लागेल. त्या तपासणीत धातू व रसायने पाहिली गेली पाहिजेत; नुसते जंतू पाहून पाणी पिण्याजोगे ठरवण्याची पद्धत येथे कामाची नाही.

हे सर्व ठरवायला आधी विहिरींची माहिती हवी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते आहे आणि तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. पण निरीक्षण विहिरी थोड्या आणि गावे अनेक. बोईसर-पालघर परिसरातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र व भूगोल विभागांनी वसाहतीभोवतालच्या गावांतील पन्नास विहिरी निवडून त्यांची पातळी, खारेपणा व रंग ऑक्टोबर आणि मे महिन्यांत नोंदवायला सुरुवात केली, तर दोर, फूटपट्टी आणि खारेपणा मोजण्याचे छोटे यंत्र एवढ्यावर काम भागेल. नोंदी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागाव्यात. कोणत्या पट्ट्यात खड्डा खणायचा आणि कोणत्या पट्ट्यात हौद बांधायचा, हे तीन वर्षांच्या अशा नोंदींवरून सांगता येईल. आज ते मुंबईत छापलेल्या नियमावलीवरून सांगितले जात आहे, आणि पाममध्ये पाण्याच्या जारची गाडी रोज सकाळी येते आहे.